सभागृहातील प्रकाश आणि मुलांचे चेहरे

बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, स्नेहसंमेलन असे आपल्या शाळेचे अनेक कार्यक्रम सभागृहात होतात. दूरगावच्या ज्या पालकांना येता येत नाही, त्यांच्यापर्यंत केवळ छायाचित्र पोहोचते. त्यात मुलाचा चेहरा स्पष्ट दिसावा, ही आम्ही आमची जबाबदारी मानतो.

स्वयंचलित कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे गृहीत धरतो. वंदनेस बसलेल्या मुलांची शुभ्र वस्त्रे चौकटीत अधिक असली, की तो प्रकाश कमी करतो आणि सावळे चेहरे काळवंडतात. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना कॅमेऱ्याची चकती ‘एम’वर ठेवून चेहऱ्यावरील प्रकाश मोजण्यास शिकवतो.

प्रथम भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे. एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ मिळाल्यास प्रकाश चौपट येतो. नंतर शटर ठरवावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. स्थिर बसलेल्या मुलांसाठी शटर १/१०० सेकंद ठेवल्यास चित्रात सहसा पट्टे उमटत नाहीत. नृत्यासाठी मात्र १/२५० हवे. उरलेली तूट आयएसओ १६०० वा ३२०० करून भरावी. चित्रात थोडे कण आले तरी चालतात; हललेला चेहरा मात्र नंतर सुधारता येत नाही.

शेवटी शुभ्र वस्त्रांच्या चुण्या दिसतात का, हे पाहावे. वंदना व ध्यान चालू असता फ्लॅश वापरू नये. मुलांची एकाग्रता छायाचित्राहून मोलाची आहे.