रंगावरून ओळख

मुलांनो, चिलापी नावाचा मासा तुमच्यापैकी पुष्कळांनी खाल्ला असेल. उजनी धरणात तो भरपूर सापडतो. पण चिलापी, म्हणजेच तिलापिया, मूळचा आफ्रिकेचा. १९५२ साली तो भारतात आणला गेला. त्याच्या कुळाला 'सिक्लिड' म्हणतात. या कुळातले काही आफ्रिकी मासे मात्र आपल्या रंगांमुळे काचेच्या टाकीत जाऊन बसले आहेत. त्यांना ओळखायचे कसे, ते पाहू.

पूर्व आफ्रिकेत मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये मलावी सरोवर आहे. ते सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल आहे. त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती राहतात. त्यांपैकी बहुतेक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. काठच्या खडकांत राहणाऱ्यांना तिथले लोक 'म्बुना' म्हणतात. हे मासे आपला खडक सहसा सोडत नाहीत. मधे वाळूचा पट्टा किंवा खोल पाणी आले, की पलीकडच्या खडकावर त्याच जातीचा रंग वेगळा दिसू शकतो. म्हणून जाणकार लोक माशाच्या नावापुढे तो कुठल्या जागेचा, हेही लिहितात.

आता झेब्रा सिक्लिड पाहा. नर फिकट निळा असतो आणि त्याच्या अंगावर गडद उभे पट्टे असतात. मादी मात्र एका रंगाची नसते. कुणी करडी-तपकिरी, कुणी सरळ नारिंगी, तर कुणी नारिंगीवर काळे ठिपके असलेली! तिघी शेजारी ठेवल्या, तर त्या तीन वेगळ्या जाती आहेत असेच वाटेल. ठिपक्यांचा हा रंग बहुधा मादीलाच मिळतो. क्वचित एखादा नरही ठिपकेदार निघतो. इंग्रजीत त्याला मौजेने 'मार्मालेड कॅट', म्हणजे मुरंब्याचे मांजर म्हणतात. (उर्दूत आपण 'नर' आणि 'मादा' म्हणतो, मराठीत 'नर' आणि 'मादी'. फरक फक्त एका मात्रेचा!)

'निळा तो नर' असा नियम पाठ करू नका. लोम्बार्डोई या जातीत सगळे उलटे आहे. तिथे मादी आणि पिल्ले निळी, पट्टेदार असतात आणि मोठा झालेला नर पिवळा होतो. ऑराटस जातीची मादी पिवळी, काळ्या आडव्या पट्ट्यांची असते, तर नर काळसर होतो. पण टाकीत एखादा दांडगा नर असेल, तर दबलेले नर मादीसारखेच पिवळे राहतात. तेव्हा पिवळे दिसले म्हणजे मादीच, असेही म्हणता येत नाही. आणखी एक गंमत. 'सेरुलियस' या लॅटिन नावाचा अर्थ निळा. पण दुकानात त्या नावाचा मासा लख्ख पिवळा असतो, आणि त्याचे नर-मादी दोघेही पिवळेच!

मग नर ओळखायचा कसा? पोटाखालच्या मागच्या परावर पिवळे गोल ठिपके पाहा. ते अंड्यांसारखे दिसतात. मादी अंडी घालून लगेच तोंडात घेते. नराच्या परावरील ठिपक्यांनाही ती अंडी समजून टिपायला जाते, आणि तेव्हाच अंडी फळतात. पुढे सुमारे तीन आठवडे ती पिल्लांना तोंडात सांभाळते. ठिपके नरात ठळक असतात. पण मादीतही असू शकतात, म्हणून एकट्या ठिपक्यांवर भरवसा ठेवू नये. खात्रीची खूण पोटाखाली आहे. तिथे दोन छिद्रे असतात. नरात ती जवळजवळ सारखी असतात, मादीत मागचे छिद्र मोठे असते. मासा पूर्ण वाढलेला असावा, हात ओला असावा आणि काही सेकंदांत त्याला पाण्यात सोडावे. हे काम मोठ्या माणसासमोरच करावे.

रंगाची ही ओळख माशांनाही लागते. व्हिक्टोरिया सरोवरात जवळच्या नात्याच्या दोन जाती आहेत. एकीचा नर लालसर, दुसरीचा निळसर. मादी रंग पाहून आपल्या जातीचा नर निवडते. संशोधकांनी टाकीवर नारिंगी उजेड पाडला, तेव्हा तिला दोघांतला फरक कळेना. तिथल्या गढूळ झालेल्या पाण्यातही असेच घडले आणि जाती एकमेकींत मिसळल्या, असे ओले सीहाउसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले. पाणी घाण झाल्याने मासा मरतो, हे आपल्याला ठाऊक असते. मासे जिवंत राहूनही जात नाहीशी होऊ शकते, हे कमी लोकांना ठाऊक आहे.

टाकीतही मिसळ होते. दिसायला सारख्या दोन जाती एकत्र ठेवल्या, तर संकरित पिल्ले होतात. ती मोठी झाल्यावर त्यांना नेमके नाव देता येत नाही. अशी पिल्ले शुद्ध जातीची म्हणून कुणाला देऊ नका. आणि दुकानात रंगीत दिवा लावलेला असेल, तर मासा साध्या पांढऱ्या उजेडात दाखवायला सांगा. मग वहीत तारीख, अंगाचा रंग, पट्टे उभे की आडवे, परावरचे ठिपके किती, एवढे लिहा. महिन्याने तोच मासा पुन्हा पाहा आणि काय बदलले ते त्याखाली लिहा.