न आलेले पात्र

नाटकातील नाती संवादातूनच उलगडतात, असा माझा समज होता. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाने तो मोडला. लीला बेणारे ज्यांच्यामुळे आरोपी ठरते, ते प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाहीत. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात पिंजऱ्यात ती एकटीच! शेवटी ती मन मोकळे करते, तेव्हा बाकीची पात्रे निश्चल असतात. ऐकतो तो फक्त प्रेक्षक. अनुपस्थिती आणि स्वगत या दोन तंत्रांतून पुरुषाची पळवाट व समाजाचा बहिरेपणा प्रकट होतो.

आमच्या गावच्या पारावर एका बाईचा असाच निवाडा झाला होता. पुरुषाचे नाव कुणी घेतले नाही. निश्चल बसलेल्यांत मीही होतो.