पोटरी : शरीराचे दुसरे हृदय

मुंबईहून थेट अमेरिकेला यायचे तर विमानात पंधरा-सोळा तास बसावे लागते. उतरल्यावर अनेकांची, विशेषतः आपल्याकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांची, एक तक्रार ठरलेली असते : "पाय सुजलेत, बूट चढत नाहीत." ही सूज बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. पण ती का येते हे समजून घेतले, तर रक्ताभिसरणाचा आपण सहसा विचार न केलेला भाग कळतो : रक्ताचा परतीचा प्रवास.

हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लिटर झाले. आणि शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. म्हणजे तासाला ३०० लिटर! इतके रक्त शरीर नव्याने तयार करूच शकणार नाही. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. अशाच हिशेबाच्या जोरावर विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली रक्ताभिसरणाची कल्पना मांडली. त्याआधी युरोपात शतकानुशतके असे मानत की रक्त यकृतात तयार होते आणि शरीरात वापरले जाऊन संपते.

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या त्या धमन्या आणि हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या शिरा (शाळेच्या जुन्या पुस्तकांतल्या रोहिणी आणि नीला). शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. हार्वेचे पाडुआ येथील शिक्षक फॅब्रिशियस यांनी त्यांचे वर्णन १६०३ साली प्रसिद्ध केले होते, पण त्यांचे खरे काम हार्वेने ओळखले : रक्त फक्त हृदयाच्या दिशेने जाऊ देणे.

हार्वेचा प्रयोग तुम्हीही करू शकता. हात थोडा वेळ खाली सोडा. हाताच्या पुढच्या भागावर एखादी फुगलेली शीर निवडा. तिच्यावर एक बोट हलकेच दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुढे सारा. आता दुसरे बोट उचला. वाटेत झडप असेल तर तिच्या अलीकडची शीर रिकामीच राहते, कारण वरचे रक्त मागे येऊ शकत नाही. पहिले बोट उचलताच ती खालून भरते.

आता पायाकडे वळू. उभे असताना हृदयापासून पावलापर्यंत साधारण १२० सेंटीमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. त्याच्या वजनामुळे पावलातल्या शिरांमधला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. धमन्यांमध्येही तेवढाच स्तंभ असल्यामुळे प्रवाह थांबत नाही. पण शिरांच्या भिंती पातळ आणि लवचीक असतात. त्या फुगतात, रक्त तिथे साचते आणि त्यातले पाणी आजूबाजूच्या पेशींच्या मधल्या जागेत झिरपते. हीच ती सूज. कवायतीत ताठ उभे राहिलेले मूल चक्कर येऊन पडते तेही यामुळेच : रक्त पायांत अडकते आणि मेंदूला कमी पडते.

यावर शरीराचा उपाय म्हणजे पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आकसतात आणि आतल्या खोल शिरा पिळतात. झडपांमुळे रक्त खाली जाऊ शकत नाही, म्हणून वर चढते. काही पावले टाकताच पावलातला तो ९०चा दाब ३०च्याही खाली येतो. म्हणूनच पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणतात. फरक इतकाच की हे हृदय आपण चालवले तरच चालते.

विमानात ते तासन् तास बंद असते. गुडघे दुमडलेले, मांडीखाली सीटची कड, आणि रक्त संथ. संथ रक्त गोठण्याची शक्यता वाढते. खोल शिरेत गुठळी झाली आणि तिचा तुकडा सुटला, तर तो हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसात जाऊन अडकतो; हे जीवघेणे ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, तरीही तो सुमारे ६००० जणांत एक इतकाच असतो. तेव्हा घाबरू नका, पण पाय हलवा.

तासातून एकदा उठून फेरी मारा. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचला. पायांत सामान कोंबू नका. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोग किंवा गरोदरपण असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर दाब देणारे मोजे किंवा औषध लागेल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

आणि एक खूण घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. दोन्ही पाय सारखेच सुजले तर बहुधा साचलेले पाणी. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंतही असे होऊ शकते. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा.