मेंदूला साखर लागते, पण ती खावी लागत नाही

प्रश्न : माझी नात यंदा बारावीला आहे. मेंदू साखरेवर चालतो असे कुठेसे वाचून सूनबाई तिला पेपरला निघताना मोठा पेलाभर ग्लुकोजचे पाणी पाजते आणि पिशवीत चॉकलेटही ठेवते. आम्ही आपली चमचाभर दहीसाखर हातावर ठेवत होतो. साखरेने मेंदू खरेच तल्लख होतो का? होत असेल, तर धाकट्या नातवाला मात्र ‘गोड देऊ नका, दंगा करतो’ असे सगळे का सांगतात?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, सूनबाईंनी वाचले ते खरे आहे, त्यावरून त्यांनी जे ठरवले ते बरोबर नाही. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा घेतो. दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते आणि स्वतःजवळ तो जवळजवळ काहीच शिल्लक ठेवत नाही. रक्ताने ते क्षणोक्षणी आणून द्यायचे. आणि मोठ्या माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात एका वेळी ग्लुकोज असते किती? चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा.

एवढ्याशा साठ्यावर भागते ते यकृतामुळे. जेवणातल्या ग्लुकोजचा एक वाटा यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, सुमारे १०० ग्रॅमपर्यंत, आणि दोन जेवणांमध्ये, रात्रभर, थोडे थोडे रक्तात सोडत राहते. म्हणून तुमची नात सकाळी उपाशीपोटी उठते तेव्हाही तिची रक्तशर्करा दर डेसिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते. हा साठा सरत आला तर यकृत प्रथिनांच्या घटकांपासून नवे ग्लुकोज बनवते. उपास फारच लांबला तर चरबीपासून कीटोन तयार होतात आणि मेंदू त्यांवरही चालतो, अमेरिकेतले डॉ. जॉर्ज केहिल यांनी १९६०च्या दशकात हे दाखवून दिले. तीन तासांच्या पेपरात मेंदूचे इंधन संपेल ही भीती निरोगी मुलीच्या बाबतीत निराधार आहे.

रक्तात साखर जास्त झाली म्हणून मेंदू जास्त काम करतो, असेही होत नाही. त्याला हवे तेवढेच तो वापरतो. उरलेले ग्लुकोज इन्सुलिन स्नायू, यकृत आणि चरबीकडे पाठवते. पेलाभर ग्लुकोजला पचनाचीही गरज नसते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात रक्तशर्करा उसळते, मागोमाग इन्सुलिन उसळते, आणि काही जणांची साखर दोन-तीन तासांनी मूळ पातळीच्याही खाली उतरते. भूक लागते, लक्ष उडते. ते नेमके पेपरच्या शेवटच्या तासाला व्हायचे! २०१९ साली कर्बोदके आणि मनःस्थिती यांवरच्या ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. साखरेने हुशारी वाटते याला त्यात आधार मिळाला नाही. उलट पहिल्या तासाभरात थकवा वाढलेला आणि तरतरी घटलेली दिसली. रात्रभर उपाशी राहिलेल्यांना ग्लुकोज दिल्यावर काही स्मरणचाचण्यांत थोडी सुधारणा दिसते, हेही खरे. पण त्यावर उपाय पोटभर न्याहारी हाच.

आता धाकट्याचा दंगा. १९९४ साली अमेरिकेत या समजुतीची चांगलीच परीक्षा झाली. मुलांना काही आठवडे भरपूर साखरेचा आणि काही आठवडे कृत्रिम गोडीचा आहार दिला. कोणता कधी, हे ना मुलांना माहीत होते ना आईबापांना. वागण्यात फरक पडला नाही. त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. काही आयांना सांगितले की तुमच्या मुलाला साखर दिली आहे; प्रत्यक्षात कोणत्याच मुलाला दिली नव्हती. तरी त्या आयांना आपली मुले जास्त चळवळी वाटली, त्यांनी मुलांना जास्त टोकलेही. वाढदिवसाचा दंगा दहा मुले एकत्र जमल्याचा असतो. त्यात बिचाऱ्या नातवाला दोष देऊ नका.

मग साखर निरुपद्रवी का? नाही. नात सडपातळ असेल, तिला काय होतंय, असे घरात म्हटले जात असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि इंग्लंडमधले डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडची बारीक दिसणारी माणसे आतून अशी असू शकतात, आणि मधुमेह आपल्याला कमी वजनातही गाठतो तो यामुळेही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे पाच-सहा चमचे. ग्लुकोजच्या एका मोठ्या पेल्यातच ती मर्यादा सहज संपते. गूळही याच हिशेबात धरायचा.

भात, पोळी, भाकरी यांतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या. मेंदूची गरज त्यांतून पुरेपूर भागते. फक्त सोबत डाळ, उसळ, दही, शेंगदाणे असू द्या, म्हणजे ग्लुकोज सावकाश रक्तात उतरते. पेपरच्या दिवशी थालीपीठ-दही, मटकीची उसळ-पोळी किंवा भाकरी-पिठले उत्तम. उपास असेल तर साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे हे ध्यानात ठेवून खिचडीत दाण्याचे कूट सढळ हाताने घाला.

तुमची चमचाभर दहीसाखर अवश्य चालू ठेवा. तेवढ्याने काही बिघडत नाही आणि तो आशीर्वाद आहे. ग्लुकोजचे पाणी मात्र बंद करा.

एक अपवाद सर्व वाचकांसाठी. मूल इन्सुलिन घेत असेल, तर हा सल्ला त्याला लागू नाही. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे दिसले आणि साखर ७०च्या खाली असली, तर शुद्धीवर असलेल्या मुलाला लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा मुलाजवळ पेपरच्या वेळी साखर असलीच पाहिजे, आणि हे परीक्षा केंद्राला आधीच लेखी कळवून ठेवा.