चतुष्पादातील पहिला पाद आणि सरकारी आरोग्यविमा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. वाग्भटाचार्यांनी रोग्याच्या गुणांत 'आढ्य' म्हणजे धनवान असणे हाही एक गुण धरला. चरकांच्या गणनेत तो नाही. शासनाची आरोग्यविमा योजना रोग्याच्या या आढ्यत्वाची उणीव भरून काढते, असे म्हणता येईल. परंतु शहापूर-मुरबाड भागात व्यवसाय करताना आम्हांस वारंवार जाणवते, की रोगी आढ्य झाला म्हणून भिषक् जवळ येतोच असे नाही.

योजनेचे स्वरूप थोडक्यात असे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत व नोव्हेंबर २०१३ पासून ठाण्यासह सर्व राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. प्रारंभी प्रतिकुटुंब दीड लाख रुपयांचे असलेले वार्षिक संरक्षण १ जुलै २०२४ पासून पाच लाखांचे झाले व ते सर्व कुटुंबांस खुले झाले. मात्र लाभ मिळतो तो अंगीकृत रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी. व्याधीच्या संचय-प्रकोपाच्या अवस्थेत रुग्ण प्रथम येतो तो आपल्या बाह्यरुग्ण विभागात. तेथे योजनेचा रुपयाही नाही.

आमच्याकडे डोळखांब बाजूचा एक शेतमजूर मूत्राश्मरीच्या वेदनेने आला. गोक्षुरादि गुग्गुळाने काही काळ उपशय मिळाला. पुन्हा शूल उठला, तेव्हा सोनोग्राफीत अश्मरी मोठी व मार्गावरोध करणारी दिसली. शल्यसाध्य व्याधी म्हणून आम्ही 'कल्याणला जा, कार्डावर होईल' एवढेच सांगून पाठविले. चिठ्ठीही दिली नाही. शिधापत्रिकेत त्याचे नावच नव्हते! दोन दिवसांची मजुरी व प्रवासखर्च घालवून तो परतला आणि भातलावणी उरकेपर्यंत पुन्हा गेला नाही. या विलंबात वृक्कास झालेल्या अपायाचा दोष आम्ही आमच्याकडेच घेतो.

तेव्हापासून शस्त्रकर्माची शक्यता दिसताच आम्ही शिधापत्रिका व छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहतो आणि नावांत तफावत असल्यास वेदना सुसह्य असतानाच दुरुस्तीस पाठवितो. चिठ्ठीत संशयित निदान, तपासण्या व दिलेली औषधे लिहितो. मुख्य म्हणजे रुग्णालय अंगीकृत आहे एवढ्यावर विसंबत नाही. तो उपचार तेथे होतो का, शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, हे आरोग्यमित्राकडे विचारून घेतो. योजनेचा १५५३८८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. मुरबाडला रेल्वे नाही. माळशेजच्या पायथ्याकडील रुग्णास फुकट गेलेली एक फेरी म्हणजे पुष्कळदा उपचारच सोडणे होय.

आत्ययिक अवस्थेत मात्र कागदांचा शोध घेत बसू नये. सर्पदंश झालेल्यास कार्डासाठी थांबविणे हा अपराध आहे. प्रतिविष असलेले जवळचे शासकीय केंद्र आणि १०८ हाच मार्ग. २०१४ साली सुरू झालेल्या त्या रुग्णवाहिकांतून आपलेच अनेक बी.ए.एम.एस. बंधू-भगिनी सेवा देत आले आहेत. आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा मापदंड आहे. तेथेही प्रत्यक्ष खुर्चीवर पुष्कळदा आपलाच स्नातक असतो. त्याची विमायोजनेत गणती होत नाही, ही खंत आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

औषधालयचालकांनाही एक विनंती आहे. तोच मनुष्य महिन्यात तिसऱ्यांदा वेदनाशामक गोळी मागू लागला, तर गोळी देण्यापूर्वी कोठे दुखते व कोणास दाखविले ते विचारावे आणि त्याला नजीकच्या वैद्याकडे पाठवावे. आमचा तो शेतमजूर दरम्यानच्या काळात अशाच गोळ्यांवर होता.