अलस : भातलावणीतील पादविकार

पेण-रोहा परिसरात भातलावणी सुरू होताच चिखल्यांचे रुग्ण येऊ लागतात. सुश्रुतनिदानातील क्षुद्ररोगांत वर्णिलेला ‘अलस’ तो हाच : दूषित कर्दमाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्यांत क्लेद, कण्डू, दाह व वेदना. चिकित्सेत कांजीचे सिंचन करून निंब, तिल, कासीस, हरताळ व सैंधव यांचा लेप सांगितला आहे. हरताळ हा सोमलाचा संयोग. फाटलेल्या त्वचेवर तो वर्ज्य करणेच आम्हांस इष्ट वाटते.

मधुमेही मात्र पुष्कळदा वेदना सांगतच नाही, कारण तळव्याची संवेदना गेलेली असते. म्हणून औषधविक्रेत्यांनीही मलम देण्यापूर्वी मधुमेहाची विचारणा करावी. काळवंडलेले बोट, दुर्गंध, ज्वर किंवा घोट्याकडे चढणारा शोथ दिसल्यास लेपात वेळ न दवडता रुग्णास त्याच दिवशी शल्यविशारदाकडे धाडावे.