ध्वनि घडविण्याची कला : सिंथेसायझर व संगणक

नादाचे तीन गुण आपण शाळेंत शिकतों : लहानमोठेपणा, उंचनीचपणा व जाति. पहिले दोन सहज ध्यानांत येतात; परंतु एकच स्वर बांसरीवर, घंटेवर आणि हार्मोनियमवर वाजला असतां ज्यायोगें कान तीं वाद्यें निराळीं ओळखतो, ती जाति होय. बहुतेक वाद्यांत ही जाति कारागिरानें लांकूड, धातु किंवा चामडें यांत कायमची बसविलेली असते. सिंथेसायझर या विजेच्या वाद्यांत मात्र ती वादकास पाहिजे तशी पालटतां येते. हें काम संगणकाच्या साह्यानें कसें करावें, याचा विचार या पाठांत करूं.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग या संगीतकारास इ. स. १९६७ सालीं असें आढळून आलें कीं, एका साध्या लहरीची कंपसंख्या दुसऱ्या लहरीनें अतिशय वेगानें हालविली, तर मूळचा सपक स्वर अनेक उपस्वरांनीं भरून येतो. गायकाच्या आवाजांतील आंदोलन हा याचाच मंद प्रकार होय. तें पुष्कळ पटींनीं जलद झालें, म्हणजे आंदोलन म्हणून ऐकूं न येतां आवाजाची जातिच पालटते. जपानच्या यामाहा कंपनीनें या तत्त्वावर १९८३ सालीं डीएक्स-७ हें वाद्य विक्रीस आणलें. त्यांत लहरी उत्पन्न करणारे सहा घटक असून त्यांस ऑपरेटर म्हणतात. ते एकमेकांस जोडण्याच्या ३२ रीती आहेत, आणि एकेक ध्वनि शंभराहून अधिक आंकड्यांनीं ठरतो.

वाद्य उत्तम होतें. पण ते आंकडे बदलण्यास एक लहानशी खिडकी, कांहीं कळा व एक सरकपट्टी एवढेंच साधन होतें. एका वेळीं एखादाच आंकडा दिसे. दाराच्या फटींतून सारें घर पाहण्यासारखाच हा प्रकार! म्हणून बहुतेकांनीं कारखान्यांतून भरून आलेलेच ध्वनि वापरले. त्यांतील विजेच्या पियानोचा एक ध्वनि त्या दशकांतील कितीतरी गीतांत जसाच्या तसा ऐकूं येतो. वाद्य घेतलें अनेकांनीं. त्याचें अंतरंग उघडून पाहिलें थोड्यांनीं.

या अडचणीवरचा उपायही त्याच सालीं जन्मास आला होता. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांस परस्परांशीं बोलतां यावें म्हणून १९८३ सालीं मिडी नांवाची सर्वमान्य पद्धति सुरू झाली. तींत प्रत्येक कंपनीस आपल्या वाद्यापुरते खास संदेश पाठविण्याची मोकळीक ठेविलेली आहे. असा संदेश २४० या आंकड्यानें सुरू होतो व २४७ या आंकड्यानें संपतो. डीएक्स-७ मधील सर्व ३२ ध्वनि अशा ४,१०४ आंकड्यांच्या एकाच संदेशांत मावतात, आणि तो मिडीच्या तारेंतून दीड सेकंदाच्या आंत संगणकांत पोहोंचतो. तेथें सॉफ्टवेअर त्याचें चित्र काढून दाखवितें. सहाही ऑपरेटर एकाच वेळीं डोळ्यांपुढें येतात. डेक्सेड नांवाचें असें एक सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतें. तें स्वतःच डीएक्स-७ प्रमाणें वाजतें. यामुळें ज्याच्या घरीं वाद्य नाहीं, त्यासही हा अभ्यास करतां येतो.

आतां प्रत्यक्ष पाठाकडे वळूं. प्रथम हातीं असलेल्या ध्वनींची नक्कल निराळ्या नांवानें जतन करावी. कारण वाद्यांतील जागा मोजक्या असतात, व नवा ध्वनि ठेवितांच त्या जागेचा जुना पुसला जातो. मग आरंभींचा कोरा ध्वनि घ्यावा. यांत पहिला ऑपरेटर तेवढा वाजतो; दुसरा त्यास हालविण्यासाठीं जोडलेला असतो, परंतु त्याची पातळी शून्य असते. पट्टी दाबतां शिटीसारखा साधा आवाज येईल. दुसऱ्याची पातळी हळूहळू सत्तरच्या पुढें न्या. आवाज उजळत जाईल. नंतर त्याच्या कंपसंख्येचें प्रमाण एकाचें दोन करा. केवळ विषम उपस्वर उरून क्लॅरिनेटसारखा पोकळ नाद निघेल. तेंच प्रमाण साडेतीनच्या जवळ न्या. उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींत बसेनासे होतील व घंटेचा धातुमय नाद उमटेल.

पण ही घंटा बोट उचलीपर्यंत एकसारखी वाजतच राहते! खरी घंटा ठोका पडतांच झणकारते आणि मग मंदावते. यासाठींच प्रत्येक ऑपरेटरास चार पातळ्या व चार वेग दिलेले आहेत. दोघांचीही तिसरी पातळी शून्यावर आणा. तिसरा वेग पहिल्याचा फार मंद व दुसऱ्याचा त्याहून कांहींसा जलद ठेवा. आतां झणकार आधीं विरेल आणि स्वर मागाहून. अवघ्या दोन ऑपरेटरांत घंटा तयार झाली. चार तर अद्याप हातीं शिल्लकच आहेत.

या अभ्यासांत नियम एकच : एका वेळीं एकच आंकडा बदलावा, ऐकावें, आणि काय झालें तें वहींत टिपून ठेवावें. अनेक आंकडे एकदम फिरविणाऱ्यास क्वचित् सुंदर ध्वनि सांपडतो; पण तो कशानें झाला हें त्यास सांगतां येत नाहीं, आणि तसा दुसरा घडवितांही येत नाहीं.

मूल संगणकापुढें बसलें कीं वेळ व्यर्थ जातो, अशी कित्येक पालकांस चिंता वाटते, व ती निराधार नाहीं. तयार ध्वनींची यादी चाळीत बसणारा मुलगा खरोखरच वेळ दवडीत असतो. परंतु जो एक आंकडा बदलून कान देतो, तो पदार्थविज्ञान, गणित व संगीत हीं तिन्हीं एकत्र शिकत असतो. त्यास, "हा आवाज असा कां झाला ?" एवढेंच विचारून पाहावें, त्याच्या उत्तरावरून वेळ कसा गेला हें कळेल.

विद्यार्थिमित्रहो, शुभवर्तमानांतील एका चाकरानें धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेविलें व जसेंच्या तसें परत केलें. त्यानें चोरी केली नव्हती. तरी धनी प्रसन्न झाला नाहीं. देवानें आपल्याला कान व बुद्धि दिली आहे. यंत्रांत जें भरून आलें, तेवढ्यावरच न थांबतां आपल्या श्रमाची थोडी भर त्यांत घाला. प्रार्थनामंदिरांत वा स्नेहसंमेलनांत वाजणारा एखादा तरी नाद तुमच्या हातचा असूं द्या.